चित्राला ‘रवाळ’ म्हणता येईल का?

चकतीवाला: एक शब्द हवाय. जुन्या कृष्णधवल पिक्चरची ब्लू-रे बघत होतो, चित्रात बारीक कण सारखे हलत होते. घरच्यांचं एकच, प्रिंट खराब आहे, पैसे पाण्यात गेले. म्हटलं अहो ते ग्रेन आहे, फिल्मवरच्या चांदीचे कण, ते दिसतायत म्हणजे डिस्क चांगली. पण मराठीत सांगायला गेलो तर ‘दाणेदार’ शिवाय काही सुचेना आणि दाणेदार म्हटलं की मला चहाची पावडर आठवते.

साजूक_तूप: रवाळ म्हणा की. तूप रवाळ झालं की आपण नाक मुरडत नाही उलट जमलं म्हणतो, तुम्हाला हवा तो चांगला अर्थ त्यात आपोआप येतो.

चकतीवाला: अरे वा, हे डोक्यातच आलं नव्हतं.

मुंग्यांचं_वारूळ: मुंग्या हा शब्द कुठे गेला? अँटेना हलला की टीव्हीवर मुंग्या यायच्या.

साजूक_तूप: मुंग्या वेगळ्या. मुंग्या म्हणजे सिग्नलचा कचरा, त्याचा मूळ चित्राशी संबंध नाही. रवा फिल्ममध्येच असतो. आणि व्हीसीडीवर पिक्चरमधल्या सीनमध्ये पाऊस पडायला लागला की चित्राचे चौकोन व्हायचे ते ठोकळे, ते तिसरंच. ३५२ बाय २८८ चं चित्र, सेकंदाला जेमतेम ११५० किलोबिट माहिती, त्यात बिचारा पाऊस कुठे बसणार. तिन्हीला ‘प्रिंट खराब’ हे एकच लेबल लावतो इथेच तर गोची आहे.

ओळीत_शेवटचा: बरं, आणि तो रवा पुसून काढतात तेव्हा? कंपनीला वाटतं गिऱ्हाईकाला स्वच्छ चित्र हवं, मग सॉफ्टवेअर फिरवतात, त्यात कणांबरोबर कातडीवरची छिद्रं, सुरकुत्या, साडीचा पोत सगळंच जातं आणि साठीचा नट मादाम तुसाँमधून उठून आल्यासारखा दिसतो. मी याला मेणचट म्हणतो.

चकतीवाला: मेणचट म्हणजे चिकट, मळकट ना? शिवाय ‘मेणचट माणूस’ म्हणजे दम नसलेला.

ओळीत_शेवटचा: दम नसलेलाच तर चेहरा असतो तो 😄

मुंग्यांचं_वारूळ: आवाजाचं पण बघा की राव, सगळे चित्रावरच अडकलेत. खरखर, घरघर, चिरका, फाटका, घोगरा, आपल्याकडे शब्दांची रेलचेल आहे. पण एका गोष्टीला शब्द नाही. जुन्या फिल्मवर आवाजसुद्धा फोटोसारखा छापलेला असायचा, चित्राच्या कडेला एक बारीक पट्टी, तिच्यातून उजेड जायचा आणि त्या उजेडाचा आवाज व्हायचा. म्हणजे तिथेही तोच रवा, आणि त्याचीच ती मागची सततची ‘सूंऽऽ’. ती सूं जास्त पुसली की ‘स’ आणि ‘श’ पण पुसले जातात, बाई रजईतून बोलतेय असं वाटतं. याला काय म्हणायचं?

साजूक_तूप: दबका?

मुंग्यांचं_वारूळ: दबका आवाज माणूस मुद्दाम काढतो, चोरून बोलताना.

कुंभारवाडा: बद्द. माठ घेताना टिचकी मारून बघतात, चांगला असला तर खणखणीत वाजतो, तडा असला तर बद्द. आमची आजी खोटं नाणंही असंच ओळखायची.

मुंग्यांचं_वारूळ: बद्द! झालं काम.

गळ्यात_सूर: अजून एक. युरोपातल्या जुन्या पाल या टीव्ही पद्धतीच्या डीव्हीडीवर सेकंदाला २४ चौकटींचा पिक्चर २५ नी पळवायचे, १०० मिनिटांचा पिक्चर ९६ मिनिटांत उरकायचा आणि नंतर दुरुस्त केला नसेल तर आवाज पाऊण पट्टीच्या आसपास वर चढायचा. ओळखीचं गाणं लावून पेटीवर सूर धरून बघा, कुठल्याच पट्टीत धड बसत नाही. याला शब्द शोधायची गरजच नाही, पट्टी चढली म्हणायचं.

ओळीत_शेवटचा: पण मग संवाद ऐकायला आवाज वाढवावा आणि लगेच गाणं अंगावर यावं, त्याला?

कुंभारवाडा: त्याला आमच्याकडे ‘रिमोट कुठंय’ म्हणतात.

चकतीवाला: काल घरी सांगून बघितलं, हे चित्र रवाळ आहे. आई म्हणाली, मग गरम करून बघ.