गरोदरपणातील मधुमेह : दोन तपासण्या, दोन निष्कर्ष. मदत हवी आहे

माझ्या भावजयीला सव्विसावा आठवडा सुरू आहे. आरोग्य केंद्रात तिला ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देऊन दोन तासांनी ग्लुकोमीटरवर साखर पाहिली, ती १३८ आली. राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे मर्यादा १४० असल्याने आणि या तपासणीला उपाशी राहण्याची अट नसल्याने अहवाल 'सामान्य' ठरला. पुढच्याच आठवड्यात खासगी प्रयोगशाळेत शिरेतील रक्तावर उपाशीपोटी ९४, एका तासाने १७१ आणि दोन तासांनी १४९ असे आकडे आले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ च्या निकषांनुसार ९२, १८० आणि १५३ यांपैकी एक मर्यादा गाठली तरी गरोदरपणातील मधुमेहाचे निदान होते, म्हणजे केवळ उपाशीपोटीच्या आकड्याने ती रुग्ण ठरते.

दोन-तीन अंकांचा हा फरक कितपत विश्वासार्ह मानावा? नळीत रक्त तासभर पडून राहिले तरी पेशी साखर वापरत राहतात आणि आकडा खाली येतो, त्यामुळे खरी साखर ९४ पेक्षा जास्तही असू शकेल, असे मला वाटते. एचबीए१सी या, गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणाऱ्या रक्ततपासणीवर माझा फारसा भरवसा नाही, कारण गरोदरपणात तो कमीच येतो.

येथील स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा प्रयोगशाळेतील जाणकारांनी कृपया सांगावे, की तपासणी पुन्हा करावी, की आहार बदलून घरी जेवणानंतरची साखर मोजत राहणे पुरेसे आहे? तिच्या डॉक्टरांची भेट सोमवारी आहे. त्यांना नेमके काय विचारावे, हेही सुचवावे.