गाण्यातला ‘ला ला ला’ तुम्हाला कुठे भेटला? (अनुभव धागा)

मंडळी, ‘हल्लीच्या गाण्यांत शब्दच नसतात, नुसतं ओ ओ आणि ना ना’ ही तक्रार प्रत्येक पिढी पुढच्या पिढीबद्दल करत आली आहे. तक्रार करायलाही मुभा आहे, पण इथे अनुभव हवेत. तुम्ही लिहिता, गाता, वाजवता किंवा नुसते ऐकता. भरतीच्या शब्दांशी आणि त्याच त्या ओळींशी तुमची गाठ कशी पडली, ते सांगा.

~

मी चालीवर गाणी लिहितो. संगीतकार फोनवर काहीतरी गुणगुणून पाठवतो, ‘ता रा रा रम’ असलं काहीही. याला आम्ही डमी म्हणतो. पंचाईत अशी, की ऐकून ऐकून डमीच कानात घर करतो आणि खरा शब्द उपरा वाटायला लागतो. परवा त्या ‘ता रा रा रम’च्या जागी ‘आभाळीचे’ बसवलं. आठ मात्रा, चोख. पण लांबवायचा वरचा सूर तिसऱ्या अक्षरावर होता, म्हणजे ‘ळी’वर. गायिका म्हणाली, ‘दादा, इथे ई ताणली की आवाज चिमटतो, आ द्या ना.’ मग केलं ‘आभाळा रे’. मात्रा तेवढ्याच, सूर मोकळा. त्यातला ‘रे’ शुद्ध भरतीचा आहे, हे मला ठाऊक आहे. पण तो काढून बघा, ओळ लंगडते.

‘यस्टरडे’ची (1965) चाल पॉल मॅकार्टनी आधी ‘स्क्रॅम्बल्ड एग्ज’ या शब्दांवर गायचा, हे आठवलं की बरं वाटतं. त्याचा डमी निघाला तरी. काहींचे निघतच नाहीत आणि तेच गाजतात.

~

माझं सगळं करिअर ‘हो हो हो’वर उभं आहे. कोरसमध्ये गाते. आम्हाला मिळणाऱ्या कागदावर बऱ्याचदा शब्दच नसतात, नुसते स्वर आणि खाली ‘आ’ किंवा ‘हो’. सोपं वाटतं ना? ‘ताई, हा हो जरा हसरा हवा.’ दिला. ‘आता हाच लांबून, डोंगरापलीकडून.’ माइकपासून दोन पावलं मागे सरून तोही दिला. शब्द असला की अर्धं काम तो करतो. ‘हो’ला मागून कुणाचा आधार नाही.

~

थोडा विरोधी सूर लावतो. भरतीच्या शब्दावर माझा राग नाहीच. संस्कृत शिकवतो, अमरकोशानेच ‘तु हि च स्म ह वै’ ही मंडळी पादपूरणासाठी म्हणून एका ओळीत बसवली आहेत. मोठमोठ्या कवींनी चरण भरायला ‘च’ वापरला, तर गीतकाराला ‘बेबी’ का नाकारायचा? राग आहे तो आळशीपणावर. मुखडा झकास जमतो, पहिला अंतरा बरा, आणि दुसऱ्या अंतऱ्याच्या जागी पुन्हा मुखडाच. ती पुनरावृत्ती नव्हे, कामचुकारपणा.

~

@वरचे सर: पूर्ण सहमत नाही. मी प्रोग्रॅमर. गंमत म्हणून गाण्यांचे बोल झिप करून, म्हणजे फाइल दाबून लहान करून, पाहतो. झिपच्या मुळाशी असलेल्या लेम्पेल आणि झिव यांच्या 1977च्या पद्धतीत आधी येऊन गेलेला तुकडा पुन्हा लिहीत नाहीत, ‘तो मागचाच’ एवढी खूण ठेवतात. त्यामुळे जितकी पुनरावृत्ती, तितकी फाइल बारीक. डाफ्ट पंकच्या ‘अराउंड द वर्ल्ड’मध्ये (1997) शीर्षकातले तीन शब्द सोडून काहीच नाही, फाइलचं जवळजवळ पाणी होतं. तरी मला ते गाणं कंटाळवाणं होत नाही, कारण शब्द जागचे हलत नाहीत तेव्हा खालचा बेस, ताल, सिंथ सतत बदलत असतात. झिपला ते दिसत नाही. आपणही बोल कागदावर वाचून गाण्याला नावं ठेवतो तेव्हा तेच करतो.

~

बँडमध्ये गातो. ‘हे ज्यूड’ (1968) सात मिनिटांहून थोडं मोठं, त्यातली शेवटची चारेक मिनिटं ‘ना ना ना’. सुरुवातीच्या कडव्यांना लोक मान डोलावतात, फार तर ओठ हलवतात. ‘ना ना’ आलं की मागच्या रांगेतले, भाषा न येणारेसुद्धा गातात. त्या वेळी मी माइक खाली घेतो आणि पाणी पितो. गायकाला श्वास मिळतो, हा फायदा कुणी लिहिलाच नाही.

~

कोरसवाल्या ताईंसाठी: ‘जंगली’तलं (1961) ते ‘याहू’ रफीसाहेबांचं नाही. गाणं त्यांचं, आरोळी प्रयाग राज यांची. एवढ्या एका अर्थहीन शब्दासाठी वेगळा माणूस उभा केला होता. मानधन वाढवून मागा!