गॅदरिंगले ॲनिमेचं (जपानी कार्टूनचं) कोणतं गाणं बसवावं?

राजेहो, शाळा दारव्हा तालुक्यातली. आमी दहावीचे पाच जण. एक गिटार, एक कॅसिओ, भजनी मंडळाची ढोलकी. 'ब्लू बर्ड' का 'गुरेंगे'? गाणारीनं जपानी शब्द देवनागरीत लिवले, वहीचं पान घामानं ओलं होऊन रायलं.

— 'ब्लू बर्ड'च घ्या. 'नारुतो शिपुदेन' या ॲनिमेचं, 2008 चं. ढोलकीले सरळ केरवा सांगा, चारचाच ठेका हाय. टीव्हीवरचा दीड मिनिटाचा तुकडाच बसवा, पण मन लावून.

— 'गुरेंगे' मले लय आवडते, पण ते गाणारी जपानी गायिका लिसा, तिच्या आवाजाचा तो पल्ला! पोरीचा गळा बसन.

— कोणतंबी घ्या, पट्टी दोन स्वरांनी उतरवा न.

— बरोबर. उद्या मधल्या सुट्टीत 'ब्लू बर्ड' खालच्या पट्टीत गाऊन पायतो.