वजा दोन माकडं
'पोर्शनच पुरा होत नाही, त्यात गणिताचा इतिहास कुठे शिकवायचा?' या तुमच्या मुद्द्यावर लिहितो. मी कोल्हापुरात, राजारामपुरीत दहावीचं गणित शिकवतो. वर्गसमीकरणं आली की भास्कराचार्यांच्या बीजगणितातलं, म्हणजे ११५०च्या सुमाराचं, माकडांचं कोडं घालतोच. कळपाच्या पाचव्या भागातून तीन वजा करून वर्ग केला, तेवढी माकडं गुहेत गेली. एक फांदीवर दिसतंय. कळप केवढा? उत्तरं दोन: ५० आणि ५. पाच घ्या. पाचवा भाग एक, तीन गेले की वजा दोन, वर्ग चार, अधिक एक, पाच. आकडेमोड चोख जुळते! तरी भास्कराचार्य ते उत्तर सोडून देतात, कारण वजा माकडं लोकांना पटत नाहीत. आणि ऋण संख्यांचे नियम ब्रह्मगुप्तानं ६२८ मध्येच मांडले होते, बरं का. युरोपात तर अठराव्या शतकातही काही गणिती त्या मानायला तयार नव्हते. म्हणून 'उणे गुणिले उणे अधिक कसं?' विचारणाऱ्या पोराला 'नियम पाठ कर' म्हणून गप्प बसवलं की मला फार वाईट वाटतं. त्याची शंका खरी असते. या कोड्याला वेळ जातो, मान्य. पण नंतर शाब्दिक उदाहरणात कुठलं उत्तर ठेवायचं नि कुठलं का टाकायचं, यावर मुलं आपणहून वाद घालतात.