मदत हवी आहे : बी.डी.च्या दुसऱ्या ऐच्छिक विषयासाठी ग्रीक घ्यावे की समुपदेशन?

सर्वांना सप्रेम सलाम.

मी पुण्यातील एका सेमिनरीत बी.डी.च्या (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी, म्हणजे पाळक होण्यासाठीच्या पदवीच्या) तिसऱ्या वर्षात जाणार आहे. पुढील वर्षाच्या दोन ऐच्छिक विषयांची नावे पंधरा दिवसांत कार्यालयात द्यावयाची आहेत. एक विषय ठरला आहे. दुसऱ्याबाबत महिनाभर विचार करूनही माझे मन स्थिर होत नाही. येथे काही पाळक व सेमिनरीत शिकलेले बरेच जण लिहितात, म्हणून हा धागा काढत आहे.

माझी मंडळी (चर्च) अहिल्यानगर जिल्ह्यातील एका खेड्यात आहे. आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर होते आणि पाळक येऊ न शकल्यास रविवारी उपदेशही तेच करीत. माझी पदवी मराठी विषयातील आहे, सेमिनरीतील शिक्षण इंग्रजीतून होते आणि पुढे सेवा करायची आहे ती पुन्हा मराठीतूनच.

सहाध्यायांना विचारले तेव्हा विषय निवडण्याची जी कारणे कानावर आली, ती मोकळेपणाने सांगते. काहींना एम.टीएच. या पुढच्या पदव्युत्तर पदवीसाठी पाया हवा आहे, काहींना बिशपसाहेबांच्या कार्यालयातून अमुक विषय घ्या अशी सूचना आहे, आणि कोणते सर सैल हाताने गुण देतात हे पाहून निवड करणारेही आहेत (मी त्यांना नावे ठेवत नाही, शिष्यवृत्ती गुणांवर असते). ईशान्येकडील एका मैत्रिणीचे कारण मला सर्वांत प्रामाणिक वाटले: तिच्या मंडळीत तरुणांच्या व्यसनाचा प्रश्न मोठा आहे, म्हणून तिने समुपदेशन घेतले.

माझा ठरलेला विषय दलित ईश्वरविज्ञान, म्हणजे दलितांच्या अनुभवातून मांडलेला ख्रिस्ती धर्मविचार, हा आहे. ख्रिस्ती विचारवंत अरविंद निर्मळ यांनी १९८१ मध्ये बेंगळुरूच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात केलेल्या भाषणापासून या विचाराला वेग आला, हे आम्ही वर्गात शिकलो. पण मी तो घेण्याचे कारण घरचे आहे. माझे पणजोबा महारवाड्यातून मंडळीत आले. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता होता. १९५६ मध्ये शिखांचा व १९९० मध्ये बौद्धांचा त्यात समावेश झाला, ख्रिस्ती मात्र बाहेरच राहिले. जातीच्या दाखल्याचा प्रश्न घेऊन आमच्या गावातील मुले तहसील कार्यालयाच्या आधी पाळकाच्या घरी येतात, आणि त्या वेळी पाळकाजवळ सहानुभूतीपेक्षा अधिक काही असावे असे मला वाटते.

अडचण दुसऱ्या विषयाची आहे. गेल्या उन्हाळ्यात क्षेत्रकार्यासाठी गेले असताना, ज्यांचा मुलगा विहिरीत बुडून गेला होता अशा एका बाईंच्या घरी मला पाठवले गेले. मी स्तोत्र २३ वाचले, प्रार्थना केली आणि नंतर अर्धा तास गप्प बसून राहिले. निघताना त्या म्हणाल्या, “पुन्हा ये.” मी पुन्हा गेले नाही, कारण जाऊन काय बोलावे हे मला कळत नव्हते. समुपदेशनाच्या विषयात रुग्णालयातील प्रत्यक्ष कामाचे तास आहेत, म्हणून तो घ्यावासा वाटतो.

दुसरीकडे, ग्रीक मी एक वर्ष शिकले आहे. बायबलमधील नवा करार मूळ ग्रीकमधून, कोश हाताशी ठेवून, कसाबसा वाचता येतो. आता सोडले तर एवढेही राहणार नाही. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये राहून मूळ हिब्रू व ग्रीकवरून साध्या मराठीत बायबल आणले. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. मराठी घेऊन पदवी मिळवलेल्या मुलीला हे वाचून ग्रीक सोडवत नाही. मात्र हे खरोखर सेवेसाठी आहे की माझ्या हौसेसाठी, याची मला खात्री नाही.

ज्यांनी खेड्यातील मंडळी सांभाळली आहे, त्यांनी कृपया सांगावे: कोणता विषय उपयोगी पडला आणि कोणता न घेतल्याची खंत राहिली?

प्रतिसाद : निवृत्त पाळक

बाळ, ग्रीक घे. मी घेतले नव्हते. योहान २१ मध्ये प्रभू पेत्राला ‘माझ्यावर प्रीती करतोस का?’ असे तीनदा विचारतो, त्यावर मी अनेक वर्षे एकच उपदेश केला: प्रीती करण्यासाठी प्रभू ‘अगापाओ’ हा उच्च समजला जाणारा ग्रीक शब्द वापरतो, पेत्र ‘फिलेओ’ हा मित्रप्रेमाचा शब्द वापरतो, तिसऱ्या वेळी प्रभू पेत्राच्या शब्दापर्यंत खाली येतो. मंडळीला तो फार आवडे. पुढे एका तरुण पाळकाने मला नम्रपणे दाखवले की योहान ही दोन्ही क्रियापदे इतरत्रही एकमेकांच्या जागी वापरतो आणि या फरकावर एवढा डोलारा उभारणे अनेक अभ्यासकांना मान्य नाही. ग्रीकने नवे उपदेश सुचतीलच असे नाही. मात्र चुकीचा उपदेश वेळीच थांबवता येतो. दुःखात बसणे तुला मंडळीच शिकवील. व्याकरण ती शिकवणार नाही.

प्रतिसाद : रुग्णालयात सेवा करणारी एक ताई

पाळकसाहेबांचा आदर राखून मतभेद नोंदवते. ‘मंडळी शिकवील’ याचा अर्थ, पहिल्या दहा कुटुंबांवर आपण चुका करत शिकायचे, असा होतो. १९२५ मध्ये अँटन बॉइसन यांनी अमेरिकेतील वूस्टरच्या मनोरुग्णालयात ईश्वरविज्ञानाचे विद्यार्थी आणले. ते स्वतः मानसिक आजारातून गेलेले होते आणि आजारी माणूसही ग्रंथासारखाच वाचावा लागतो, अशी त्यांची धारणा होती. तेथूनच रुग्णांमध्ये राहून, भेटीची टिपणे लिहून ती मार्गदर्शकासमोर तपासून घेण्याची पद्धत रूढ होत गेली. तुमचे अर्धा तास गप्प बसणे चूक नव्हते, हे तुम्हाला त्याच दिवशी कोणी सांगितले असते तर तुम्ही पुन्हा गेला असता. विषयात हेच मिळते. सेवेत एकटे असताना कोणी टिपणे तपासत नाही.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. पाळकसाहेब, आपण ज्या कसोटीने ग्रीक सुचवले, त्याच कसोटीने ताईंनी समुपदेशन सुचवले: शिक्षकाशिवाय नंतर जे शिकता येणार नाही ते आता घ्यावे. मी आजवर ‘मंडळीला काय लागेल’ एवढेच पाहत होते. या दृष्टीने मन समुपदेशनाकडे झुकते आहे, कारण कोश आणि व्याकरणाचे पुस्तक घेऊन घरी रोज दहा ओळी वाचण्याची शिस्त मी लावून घेऊ शकेन असे वाटते. (पाळकसाहेब यावर हसतील.)

दोन उपप्रश्न आहेत. रुग्णभेटींची टिपणे मराठीत लिहू देतात का? रुग्ण मराठीत बोलणार आणि मी त्यांचे शब्द इंग्रजीत उतरवणार, यात नेमके जे तपासायचे तेच निसटेल अशी भीती वाटते. आणि पाळकसाहेब, आठवड्यातून एकदा दूरध्वनीवरून माझे ग्रीक वाचन ऐकून घेऊ शकेल असे आपल्या ओळखीत कोणी आहे का? त्या तरुण पाळकांना विचारून पाहाल का?