चाचणी सुरू होण्याआधी गावाला सांगायचं की नाही?

जांबोटीकर

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. एखाद्या औषधाची किंवा लशीची चाचणी आपल्या भागात होणार असेल, तर पहिल्या माणसाला विचारायच्या आधी तिची माहिती गावात साध्या मराठीत (आणि अर्थातच कन्नडमध्ये) जाहीर झाली पाहिजे. पंचायतीच्या फळ्यावर, दूध डेअरीत, सोसायटीच्या दारात, कुठेही. काय तपासणार, कुणावर, किती दिवस, कुणाला खरं औषध मिळणार नाही, आणि काही बरंवाईट झालं तर जबाबदार कोण.

आज होतं ते उलटं. माणूस आजारी पडून दवाखान्यात जातो आणि खाटेवर असतानाच पानंच्या पानं पुढ्यात येतात. कायदा म्हणतो समजेल अशा भाषेत सांगा, प्रश्न विचारायला वेळ द्या. पण तापाने फणफणलेला माणूस काय प्रश्न विचारणार? त्याला तर चाचणी आणि उपचार यातला फरकही ठाऊक नसतो. उपचारात डॉक्टर तुमच्याकडे बघून औषध ठरवतो. चाचणीत बहुतेकदा संगणक चिठ्ठी काढतो, तुम्ही कुठल्या गटात ते त्यावर ठरतं, आणि पुष्कळदा डॉक्टरलाही ते कळू देत नाहीत. पहिल्या टप्प्यात थोड्या माणसांना औषध देऊन ते सोसवतं का बघतात. दुसऱ्यात काही शे जण. तिसऱ्यात हजारभर किंवा त्याहून जास्त, आणि तिथे जुन्या औषधाशी नाहीतर दिसायला तशाच असलेल्या नकली गोळीशी तुलना.

मी चाचण्यांच्या विरोधात नाही. २००२ ते २००५ या काळात आपल्याच बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत, जेएन मेडिकल कॉलेजच्या पुढाकाराने, बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावावर मिसोप्रोस्टॉलची चाचणी झाली. १,६२० बायका. नर्सबाईंनी बाळ जन्मल्यावर गोळ्या द्यायच्या, निम्म्यांना खऱ्या, निम्म्यांना नकली. रक्तस्रावाचं प्रमाण नकली गोळीवाल्यांत १२ टक्के, खरी घेतलेल्यांत ६.४ टक्के. निकाल २००६ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला आणि २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या कामासाठी ही गोळी आवश्यक औषधांच्या यादीत घेतली. जगभरच्या बाळंतिणींना उपयोगी पडलेलं काम आपल्या वाड्यावस्त्यांवर झालं आणि आपल्यातल्या किती जणांना ते माहीत आहे?

आता पुढचं. गोचीड चावून होणाऱ्या माकडतापाच्या नव्या लशीवर आयसीएमआर ही सरकारी वैद्यकीय संशोधन संस्था आणि हैदराबादची इंडियन इम्युनॉलॉजिकल्स काम करत आहेत, कारण जुनी लस नीट काम देईना म्हणून बंद झाली. तिसऱ्या टप्प्याला रोग जिथे आहे तिथलीच माणसं लागतात. २०१५-१६ मध्ये हा ताप गोव्यातल्या सत्तरीत आणि दोडामार्गकडे निघाला होता, आणि आपल्या कणकुंबीपासून सत्तरी किती लांब आहे ते काजूच्या हंगामात तिकडे जाणाऱ्यांना विचारा. म्हणजे आज ना उद्या कुणीतरी आपल्याकडे येणार असं धरून चालावं.

माहिती लपवलेली नसते. सीटीआरआय नावाची सरकारी नोंदवही २००७ पासून आहे आणि १५ जून २००९ पासून तिथे आधी नोंद केल्याशिवाय चाचणी सुरू करता येत नाही. अजून भरती सुरू न झालेल्या चाचण्याही त्यात दिसतात, कुठल्या गावात, कुठल्या रुग्णालयात, चौकशीला कुणाला फोन करायचा, सगळं. फक्त इंग्रजीत. कणकुंबीच्या माणसाने ती वाचावी असं कुणाला खरंच वाटत असेल, तर बोलणंच खुंटलं.

टिळकवाडीचे डॉक्टर

तळमळ पोचली. मागणीला माझा विरोध आहे, आणि तो आडमुठेपणाने नाही.

संमती माणसाची असते, गावाची नाही. फळ्यावर कागद लागला की पहिल्यांदा चावडीवर ठरणार, घ्यायचं की नाही घ्यायचं. सरपंच हो म्हणाले की सगळ्या सुना सह्या करणार, नको म्हणाले की जिला खरंच भाग घ्यायचा आहे तिचीही हिंमत होणार नाही. दुसरं, खासगीपण. क्षयरोग, एचआयव्ही, गर्भपात अशा विषयांवर चाचण्या असतात. फळ्यावर नाव नसलं तरी गावाला हिशोब कळतो हो. चार जण एकाच दिवशी एकाच दवाखान्यात गेले की झालं.

शिवाय गावाच्या वतीने कुणी बघतच नाही असं नाही. २०१९ च्या औषध-चाचणी नियमांप्रमाणे चाचणीला मंजुरी देणाऱ्या नैतिकता समितीत किमान सात सदस्य लागतात. त्यात कायद्याचा जाणकार, सामान्य नागरिक, निदान एक स्त्री, आणि निम्मे तरी त्या संस्थेबाहेरचे. भरतीसाठी एक पत्रक काढायचं तरी ते आधी समितीकडून मंजूर व्हावं लागतं. तुमचा फळ्यावरचा कागद कोण मंजूर करणार?

मिसोप्रोस्टॉलबद्दल एक गोष्ट राहिली. नकली गोळी म्हटलं की लोक दचकतात. पण त्या वेळी खेड्यातल्या बाळंतपणात नर्सबाईच्या हातात रक्तस्राव टाळायचं औषधच नव्हतं. कुणाचं काही काढून घेतलं नव्हतं.

कडोलीचा गडी

डॉक्टरसाहेब, कुणाचं काढून घेतलं नाही म्हणालाय, पण दिलंही नाही की. त्या निम्म्या बायकांत आमच्यापैकी कुणाची आई असेल.

आणि समितीचं कौतुक आम्हाला सांगू नका. २००९ साली खम्मम आणि वडोदऱ्यात मुलींना एचपीव्हीची (गर्भाशयमुखाच्या कॅन्सरविरुद्धची) लस टोचली. त्यात कितीतरी आदिवासी मुली, वसतिगृहात राहणाऱ्या. सह्या कुणी केल्या? पुष्कळ ठिकाणी वसतिगृहाच्या वॉर्डननी! सात मुली गेल्या, २०१० मध्ये सगळं थांबवलं, २०१३ मध्ये संसदेच्या समितीने झोडपलं. तिथेही नैतिकता समिती होतीच की. गरीब आणि जंगलाजवळचा बघूनच हे येतात. पुण्या-बेंगळूरच्या मोठ्या सोसायटीत जाऊन विचारतात काय?

माझं मत सरळ आहे. आपण जायचंच नाही. ज्यांना औषध विकून पैसा करायचाय त्यांनी आधी स्वतःच्या घरात टोचून बघावं.

जांबोटीकर

@कडोलीचा गडी, अर्धंच सांगितलंत. चौकशीत त्या मृत्यूंचा लशीशी संबंध दिसला नव्हता. संसदीय समितीचा राग होता तो संमती घेण्याच्या पद्धतीवर, आणि तो रास्तच होता. म्हणजे तुमचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. आईबापांना आधी कळलं असतं तर वॉर्डनची सही चालली असती का?

आणि कुणीच जायचं नाही म्हटलं तर माकडतापाची लस कुणावर तपासणार, बेंगळूरच्या सोसायटीतल्या माणसांवर? त्यांना गोचीड चावतच नाही.

निपाणीची लेक

तिघांचंही वाचलं. मला भीती वेगळीच आहे, ती म्हणजे या "साध्या मराठी"ची.

साधं करायला बसलं की काय गळतं ते बघा. "आतापर्यंत दिसलेले दुष्परिणाम सौम्य आहेत" हे वाक्य राहतं. "अजून थोड्याच लोकांना दिलंय, त्यामुळे दुर्मिळ परिणाम दिसलेच नसतील" हे जातं. "तुम्हाला यातून फायदा होईलच असं नाही" हे पार खाली, बारीक अक्षरात. आणि "मोफत तपासणी" मात्र वर, ठळक. आमच्या निपाणीत विड्या वळणाऱ्या बायका वर्षानुवर्षं तंबाखूची धूळ खातायत, खोकतायत. मोफत एक्सरे आणि मोफत डॉक्टर म्हटलं की त्या रांगेत उभ्या राहतील, पुढचं कुणी वाचणार नाही. हा कागद कोण लिहिणार, जांबोटीकर? कंपनीने लिहिला तर ती जाहिरात. दवाखान्याने लिहिला तरी जवळपास तेच. तुम्ही लिहिलात तर चुकलं-माकलं कोण बघणार?

इंग्रजी कागदाचा एक फायदा असतो, हसू नका. तो कळत नाही म्हणून माणूस बिचकतो, शिकलेल्या पोराला विचारतो. गोड मराठीतल्या कागदावर विश्वास बसतो.

अण्णा, शहापूर

बिचकतो कुठला? इंग्रजीत असलं की न वाचताच सही करतोय आपला माणूस. बँकेत बघा, सोसायटीत बघा. मागावर बसून आयुष्य गेलं, अशा कागदांवर किती सह्या केल्या त्याचा पत्ता नाही.

निपाणीची लेक

अण्णा, ते मान्य.

कागदवाली

मी याच कामात आहे. बेळगावात चाचण्यांचं समन्वयाचं काम करते, कुठे ते सांगत नाही. काही गोष्टी.

माहितीपत्रक कन्नड, मराठी आणि इंग्रजी तिन्हीत तयार असतं, प्रत्येक भाषेतली प्रत समितीपुढे जाते. पण तुम्ही मागितलं नाहीत तर समोर जे पडलंय तेच पुढे सरकवलं जातं, हे मी नाकारणार नाही. खानापूरच्या आजींना कन्नड बोलता येतं म्हणून कन्नड कागद दिला, असं मी पाहिलंय. बोलता येणं वेगळं आणि वाचता येणं वेगळं. ज्यांना वाचताच येत नाही त्यांच्यासाठी त्रयस्थ साक्षीदार पूर्ण वेळ हजर लागतो, आणि तो आमच्यातला चालत नाही. अगदी नव्या रेणूचं औषध असेल आणि माणूस अशा परिस्थितीत असेल की त्याला नाही म्हणणं जड जाईल, तर संमतीचं चित्रीकरणही करावं लागतं.

तुम्ही कागद घरी नेऊ शकता. चार दिवस ठेवा, कुणाला दाखवायचा त्याला दाखवा. आज सही केली नाहीत तर नाव कटेल असं कुणी म्हणालं, तर उठून या. (अपवाद तातडीच्या प्रसंगांचा. कळा सुरू झाल्यावर किंवा अपघातानंतर घरी न्यायला वेळच नसतो. म्हणून प्रसूतीच्या चाचण्यांत गरोदरपणातच सांगून ठेवणं बरं. इथे मी जांबोटीकरांच्या बाजूची.)

मधेच सोडता येतं, कारण द्यावं लागत नाही, आणि त्यामुळे तुमचे नेहमीचे उपचार थांबत नाहीत. हे वाक्य मी रोज म्हणते आणि लोकांचा रोज विश्वास बसत नाही.

काळा कोट

भरपाईचं कुणीच बोललं नाही, म्हणून. नव्या औषधाच्या चाचणीत मृत्यू झाला आणि तो चाचणीमुळे असं ठरलं, तर आठ लाख हा पाया धरून वयाचा आणि जोखमीचा गुणक लावतात. पासष्टच्या पुढच्या माणसाचा वयाचा गुणक सगळ्यात कमी. इजा झाली तर उपचार मोफत, तिचा चाचणीशी संबंध नाही असं सिद्ध होईपर्यंत. पण बाजारात आधीच असलेल्या औषधावर कॉलेजने आपल्या अभ्यासासाठी काढलेल्या चाचणीला हे सूत्र जसंच्या तसं लागत नाही, तिथे आयसीएमआरची मार्गदर्शक तत्त्वं. तेव्हा कागदावर पहिल्यांदा बघा, चाचणी कुणाची, पैसा कुणाचा आणि विमा आहे का. बाकी नंतर.

कडोलीचा गडी

म्हणजे आमच्या आज्ज्याचा भाव कमी. झालं की.

टिळकवाडीचे डॉक्टर

भाव नव्हे. अपघाताच्या भरपाईतही वयाचा हिशोब असाच असतो.

निपाणीच्या ताईंचा मुद्दा मला सगळ्यात जड वाटला, आणि तो माझ्याच विरोधाला बळ देतो. साधा कागद तटस्थ राहत नाही. तरी जांबोटीकर, एक मधली वाट सुचवतो. एखाद्या विशिष्ट चाचणीचा कागद फळ्यावर नको. चाचणी म्हणजे काय, काय विचारायचं, काय मागायचं, एवढंच लावा, कुठल्याही औषधाचं नाव न घेता. ते वर्षभर लावून ठेवलंत तरी माझी हरकत नाही.

जांबोटीकर

हे म्हणजे लग्नाला यायचं पण नवरा-नवरी कोण ते विचारायचं नाही. नाव न घेता माकडतापाच्या लशीबद्दल काय सांगू? लोक पहिला प्रश्न विचारणार, ही सुई कसली? निरोगी माणसाला टोचायच्या लशीत खासगीपणाचा तुमचा मुद्दा फारसा लागूच होत नाही. एचआयव्हीसाठी मान्य, तिथे फळा नको. पण लशीसाठी गावसभा घ्या, कंपनीचा माणूस आणि समितीतला बाहेरचा सदस्य दोघांना उभं करा, लोकांना उलटसुलट विचारू द्या. कागद कोण लिहिणार यावर माझं उत्तर, कंपनीनेच लिहावा, पण गावातल्या दोन बायकांनी वाचून "हे कळलं नाही" म्हटलेलं प्रत्येक वाक्य बदलावं, आणि मगच तो समितीकडे जावा.

निपाणीची लेक

दोन बायका कुठल्या? सरपंचाच्या घरातल्या असतील तर राहू दे.

आशाताई, खानापूर

एवढं सगळं बोललासा, मी शेवटी येतेय. गावात कोण गरोदर, कुणाला साखर, कुणाच्या घरात खोकला, याची यादी माझ्याकडं असते. कुणीही आलं की पहिल्यांदा मलाच विचारतंय. आणि बायका सही करतात ती कागद बघून नव्हे, "वैनी सांगायलीय म्हणजे बरंच असंल" म्हणून. उद्या काही झालं तर ना कंपनी गावात राहणार, ना डॉक्टर. मी राहणार. नळावर मलाच तोंड दाखवायचंय.

गावसभा घ्या, माझी ना नाही. पण सभेला बाप्ये येतात, बायका मागं भिंतीला टेकून उभ्या. त्यांना नंतर घरोघरी जाऊन परत सांगायला लागतंय, ते कोण सांगणार? मीच. लसीकरण, सर्व्हे, पोलिओ, त्यात हे. जांबोटीकर दादा, तुमच्या त्या साध्या मराठीतल्या कागदात हेही लिहा की, वाचून दाखवणारीचं मानधन कोण देणार, आणि ते पैसे कंपनीचे असले तर मी कुणाची माणूस म्हणायची?