डोलकाठीचे ताण: क्लच वायर नको

१२ फुटी होडीच्या डोलकाठीच्या ताणांना, म्हणजे ती उभी धरणाऱ्या तारांना, बाइकची क्लच वायर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. नका लावू. जस्ताचा पातळ मुलामा उडाला की गंज आलाच. ३१६ ग्रेडची १×१९ (१९ तारांचा एकच पीळ) स्टेनलेस तार घ्या. ती कडक असते आणि फारशी ताणली जात नाही. अडीच-तीन मिमी बास. ३ मिमीची तार साधारण ७०० किलोला तुटते. ७×१९ (१९ बारीक तारांचे सात पीळ) मऊ असते, पुलीवरून वळते, म्हणून ती शीड चढवायला ठीक.

कुणीतरी डायनीमा, म्हणजे खूप मजबूत सिंथेटिक दोर, सुचवलाय. वजनाला हलका, गाठही हातानंच विणता येते. पण सतत ओढ बसली की तो हळूहळू लांबतो, म्हणून तुटण्याच्या हिशेबापेक्षा जाड घ्यावा लागतो. मी तारच घेईन.

बाजूचे दोन ताण होडीला जिथं अडकतात त्या धातूच्या पट्ट्या डोलकाठीच्या थोड्या मागे बसवा, म्हणजे मागचा ताण लागत नाही. फार मागे नेल्या तर वारा पाठीमागून असताना बूम (शिडाच्या खालचा आडवा दांडा) ताणांना अडकतो. पट्ट्या कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या वर्कशॉपांत कुणीही कापून देईल, फक्त भोकांच्या कडा घासून घ्या म्हणावं. तारेच्या टोकाला थिंबल (फाशाच्या आतली धातूची कडी) आणि फासा दाबून धरणारी तांब्याची स्लीव्ह (नळी) लावा. ॲल्युमिनियमची स्लीव्ह रंकाळा तलावाच्या गोड्या पाण्यात टिकेलही, पण होडी मालवणला नेलीत तर खारं पाणी तिला खाऊन टाकेल. अधूनमधून तारेवरून कापूस फिरवा, कुठं अडकला तर तिथली एखादी तार तुटलीय.

आणि एक, लेझर या एकट्यानं चालवायच्या छोट्या शर्यतीच्या होडीचं ७ चौरस मीटरचं शीड बिनताणाच्या डोलकाठीवर चालतं. तुमचं शीड केवढं आहे?